रिसेप्टर आत गेला म्हणजे सिग्नल संपला?

पांढरी_पेशी: "रिसेप्टर (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन) सक्रिय झाला की पेशी तो आत ओढते (एन्डोसायटोसिस) आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनपिशवीत, मोडते. एन्डोसायटोसिस म्हणजे सिग्नलला ब्रेक, बाकी काही नाही." हे वाक्य इथे कुणीतरी टाकलं आणि सगळे माना डोलावतायत. टी-पेशींचा नियम मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) लादू नका! टीएलआर-४ (जीवाणूंच्या आवरणातलं एलपीएस ओळखणारा रिसेप्टर) पृष्ठभागावर असताना टिरॅप-मायडी८८ या जोडप्रथिनांमार्फत टीएनएफ हा दाहाचा संदेश बनतो. तोच रिसेप्टर एन्डोसोममध्ये (आत ओढलेल्या पिशवीत) उतरला की ट्रॅम-ट्रिफ ही दुसरी जोडप्रथिनं जोडली जातात, आयआरएफ-३ हा जनुकं चालू करणारा घटक जागा होतो आणि इंटरफेरॉन-बीटा हे दुसरं संदेश-प्रथिन येतं. २००८ पासून हे छापील आहे.

बर्फपेटी: छापील आहे, पण कशाच्या जोरावर? डायनासोअरच्या, म्हणजे आत ओढलेली पिशवी पडद्यापासून तोडणाऱ्या डायनॅमिन प्रथिनाला रोखणाऱ्या रसायनाच्या. डायनॅमिनची तिन्ही जनुकं काढलेल्या पेशींतही ते पडद्याच्या हालचाली बिघडवतं. शिवाय सीरममधल्या (पेशी वाढवताना घातलेल्या रक्तद्रवातल्या) अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटतं म्हणून सीरम काढावं लागतं. सीरमबरोबर एलपीएस वाहून नेणारं एलबीपी प्रथिन गेलं, म्हणजे एलपीएस सीडी-१४ वर (टीएलआर-४ च्या मदतनीस प्रथिनावर) चढणंच मंदावलं. मग इंटरफेरॉन घटलं ते नेमकं कशामुळे? टी-पेशीत सीबीएल हे विकर टीसीआरला (टी-पेशीच्या रिसेप्टरला) युबिक्विटिनची 'मोडा' अशी खूण लावतं आणि तो मोडीत निघतो. तिथे ते वाक्य खरंच आहे.

पांढरी_पेशी: डायनासोअर सोडा. सीडी-१४ नसलेल्या मॅक्रोफेजला भरपूर एलपीएस द्या. टीएनएफ येतो, पण टीएलआर-४ बाहेरच राहतो आणि इंटरफेरॉन येत नाही.

फ्लोवाला: बाहेरच राहतो हे टीएलआर-४ ला चिकटणाऱ्या चमकत्या अँटिबॉडीच्या कोणत्या क्लोनने (वाणाने) पाहिलं? कित्येक जण डोळे झाकून एमटीएस-५१० लावतात. एलपीएसने दोन रिसेप्टरची जोडी जमली की या क्लोनची चमक जाते, आत काहीही न जाता! एसए-१५-२१ या दुसऱ्या क्लोनला जोडीने फरक पडत नाही. दोन्ही वेगळ्या नळ्यांत लावा, एफसी ब्लॉक करून (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), बर्फावर. पेशी थंड ईडीटीए-पीबीएस द्रावणाने सोडवा, प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन नको. नुसती एमटीएसची चमक पडली तर जोडी जमली, एसएचीही पडली तरच रिसेप्टर आत.

बर्फपेटी: रिसेप्टर पृष्ठभागावरून तुटून गेला नाही कशावरून? अँटिबॉडी आधी लावा, ३७ अंशांवर ठेवा, मग बाहेरची अँटिबॉडी निघावी म्हणून बर्फावर आम्ल ग्लायसीनने धुवा. उरेल तेवढंच आतलं.

फ्लोवाला: पूर्ण अँटिबॉडी दोन रिसेप्टर धरते आणि स्वतःच त्यांना आत ढकलते. फॅब (एकच रिसेप्टर धरणारा अँटिबॉडीचा तुकडा) वापरा. एलपीएसविना ३७ अंशांवरची नळी नसेल तर कृपा करून आकडे दाखवू नका. ४ अंशांवरची नळी धुतल्यावर विझली नाही, तर धुणंच अपुरं.

बर्फपेटी: फॅबची पकड कमी, मॅक्रोफेजवर टीएलआर-४ मुळात मोजका. दिसणार काय?

पांढरी_पेशी: क्लोनवर किती भांडाल! मूळ प्रश्नाचं उत्तर द्या.

बर्फपेटी: टीएलआर-४ पुरतं मान्य, तेही सीडी-१४ च्या पुराव्यावर. "बाकी काही नाही" एवढे शब्द काढा. पण तुम्हीही लिहा की शेवटी टीएलआर-४ लायसोसोममध्येच मोडतो. टी-पेशींबद्दलचं एक अक्षर मी मागे घेणार नाही.