प्रतिसाद: आधी जमीन, मग चंद्र?

‘इथे पूर, युद्धं, महागाई, चंद्रावर पैसे कशाला?’ हा वरचा प्रश्न कळवळ्याचा आहे, पण मला पटत नाही. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. तेवढे वाचवून आमच्या विश्वामित्री नदीचा पूर टळला असता का? ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आईनं धान्याचे डबे माळ्यावर चढवले, देव ओच्यात घेतले. मी मोबाइलवर इन्सॅट या इस्रोच्याच हवामान-उपग्रहानं टिपलेले ढग बघत होतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या किनाऱ्यावर जखौजवळ धडकण्याआधी लाखभर माणसं हलवली गेली, त्यातही उपग्रहांचा मोठा वाटा! आई आता पाऊस वाढला की आधी मला ढगांचं चित्र उघडायला सांगते.