हत्यार, अवजार आणि सबळ कारण: परदेशी जाताना खिशातल्या वस्तूंसाठी मराठी शब्द

फोंड्याहून (धागाकर्ता)

आमच्या वाचनालयातर्फे नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींसाठी मराठीतून एक माहितीपत्रक तयार करतोय. बोटीवर जाणारे, लंडनच्या हॉटेलांतल्या स्वयंपाकघरांत जाणारे, पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जाणारे, असे सगळेच आमच्या तालुक्यात आहेत. पत्रकातलं एक पान रोज जवळ असणाऱ्या वस्तूंवर आहे: किल्ल्यांच्या जुडग्यातला चाकू, मल्टीटूल (चाकू, पक्कड वगैरे एकत्र असलेलं मिटणारं अवजार), शेफच्या सुऱ्या, पर्समधला पेपर स्प्रे. आपल्याकडे यांवर कोणी बोट ठेवत नाही. काही देशांत मात्र त्यांच्यापायी अटक होऊ शकते.

मजकूर तयार आहे, शब्दांपाशी अडलोय. इंग्लंडच्या कायद्यात ‘ऑफेन्सिव्ह वेपन’ असा शब्दप्रयोग आहे. एका कार्यकर्त्याने त्याचं ‘आक्षेपार्ह शस्त्र’ केलं. मला ते साफ चुकीचं वाटतं. आक्षेपार्ह मजकूर असतो, आक्षेपार्ह विधान असतं. इथे अर्थ हल्ल्याचा आहे. पण ‘आक्रमक शस्त्र’ म्हटलं की रणगाडा डोळ्यांसमोर येतो. दुसरा अडथळा ‘गुड रीझन’चा, म्हणजे वस्तू बरोबर असण्याचं कायद्याला पटणारं कारण, आणि तिसरा ‘लॉक नाइफ’चा, म्हणजे उघडल्यावर पातं अडकून बसणारा चाकू. जाणकारांनी मदत करावी.

डिचोलीहून

‘शस्त्र’ आधी काढून टाका. शस्त्र म्हणजे हातात धरून मारायचं, अस्त्र म्हणजे फेकायचं, ही जुनी विभागणी. दोन्ही शब्द युद्धातले. पेडण्याचा मुलगा ‘शस्त्र’ वाचेल आणि म्हणेल, माझ्याकडे कुठलं शस्त्र? पान उलटून पुढे जाईल. आपल्याला नेमका तोच मुलगा थांबवायचा आहे.

‘हत्यार’ घ्या. या शब्दाचं नातं हत्येशी आहे असं पुष्कळांना वाटतं, पण तो ‘हस्त’वरून प्राकृतातून आलेला, हाताशी जोडलेला शब्द आहे. म्हणून मराठीत सुताराची हत्यारं असतात आणि दरोडेखोराचीही हत्यारंच असतात. खंडेनवमीला गॅरेजवाला पाने-पक्कड मांडून हळदकुंकू वाहतो, तीही हत्यारांचीच पूजा. ‘अवजार’ फारसीमार्गे आलेला शब्द, त्यात मारण्याचा अर्थ शिरत नाही. ‘हत्यार’मध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि तुमच्या पानाचा विषय तर एकाच वस्तूचे हे दोन चेहरे हाच आहे.

आपला १९५९चा शस्त्र अधिनियमही मुलांना थोडा सांगा. त्यातल्या ‘शस्त्रां’च्या व्याख्येत हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तू येतात, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी चालायची काठी, त्यातून वगळलेल्या आहेत. नियमांमधल्या धारदार शस्त्रांच्या वर्गात पात्याचं माप ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असं दिलंय, आणि तिथेही घरगुती नि शेतीची हत्यारं बाजूला काढली आहेत. कोयता घेऊन माडाखाली उभ्या असलेल्या माणसाकडे आपण संशयाने का पाहत नाही, त्याचं उत्तर यात आहे. हीच सवय घेऊन मुलं विमानात बसतात.

फोंड्याहून (धागाकर्ता)

पटलं. मग ‘ऑफेन्सिव्ह वेपन’साठी ‘इजा करण्याचं हत्यार’ असं साधं लिहितो. त्यामुळे १९५३च्या ब्रिटिश कायद्यातली व्याख्याही मराठीत नीट बसते. तिथे तीन प्रकार आहेत: मुळात इजा करण्यासाठीच बनवलेली वस्तू, त्या कामासाठी फेरफार केलेली वस्तू, आणि साधीच पण जवळ ठेवणाऱ्याच्या मनात इजा करण्याचा हेतू असलेली वस्तू.

तिसरा प्रकार मुलांच्या डोक्यात पक्का बसला पाहिजे. स्क्रूड्रायव्हर हे अवजार. ‘हे कशाला घेऊन फिरतोस?’ असं पोलिसाने विचारलं आणि मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘रात्री उशिरा घरी जातो, कोणी अंगावर आलं तर असावं’, की तो स्क्रूड्रायव्हर त्याच्याच तोंडून इजा करण्याचं हत्यार ठरू शकतो. आपल्याकडे ‘स्वसंरक्षणासाठी’ हा शब्द अब्रूचा आहे. भाषणांत येतो, शाळांमधल्या शिबिरांच्या फलकांवर येतो. इंग्लंडमध्ये हेच उत्तर सर्वांत महागात पडतं. हल्ला झाल्यावर स्वतःला वाचवण्याचा हक्क तिथेही आहे, पण त्या तयारीने एखादी वस्तू रोज बरोबर नेणं त्यात येत नाही. जपानमध्येही स्वसंरक्षण हे चाकू बाळगण्याचं योग्य कारण धरत नाहीत. हे वाक्य मी पत्रकात ठळक छापणार आहे.

पेडण्याहून

माझी मुलगी नर्सिंगसाठी इंग्लंडला जायची आहे. पर्समध्ये पेपर स्प्रे मीच घालून दिला होता. पणजीला दुकानात उघड मिळतो. तुमचं वाचून काळजी वाटली. तोही हत्यारात येतो का? आणि त्याला मराठीत म्हणायचं काय? दुकानातल्या डबीवर ‘मिरपूड स्प्रे’ लिहिलंय.

फोंड्याहून (धागाकर्ता)

ताई, तो आधी काढून घरीच ठेवा. ब्रिटनमध्ये १९६८च्या बंदूक कायद्याच्या पाचव्या कलमात घातक द्रव किंवा वायू सोडणारी साधनं बंदी घातलेल्या हत्यारांमध्ये मोडतात, आणि पेपर स्प्रे त्यात धरतात. म्हणजे तिथे ‘कारण’ सांगायची सोयच नाही. ती डबी जवळ असणं हाच गुन्हा. हाँगकाँग आणि सिंगापूरलाही परवानगीशिवाय चालत नाही. कॅनडात माणसांवर मारायचा म्हणून विकला जाणारा स्प्रे बंदीत येतो. पोर्तुगालमध्ये तो हत्यारांच्या एका वर्गात आहे, परवाना लागतो.

शब्दाचं म्हणाल तर ‘मिरपूड’ चूक आहे. मिरपूड काळ्या मिरीची. या डबीत मिरचीचा अर्क असतो. तिखटपणा आणणारं द्रव्य कॅप्सेसिन हे मिरचीतलं. इंग्रजीत दोन्हींना ‘पेपर’ म्हणतात म्हणून घोटाळा. ‘मिरचीचा फवारा’ लिहा. गोव्यात तर हा फरक चुकता कामा नये: मिरी इथली, मिरची पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली.

मडगावहून

मी बोटीवर इलेक्ट्रिशियन आहे. लॉक नाइफबद्दल लिहितो, कारण आमच्यातले अर्धेअधिक लोक खिशात मल्टीटूल घेऊनच जगतात.

‘खटक्याचा चाकू’ करू नका. मराठी माणूस खटका म्हटलं की रामपुरी समजतो, बटण दाबलं की पातं बाहेर. तसे चाकू इंग्लंडमध्ये १९५९पासूनच वेगळ्या कायद्याने बंद आहेत. लॉक नाइफ हाताने उघडतो, बिलकुल उडत नाही. फक्त उघडल्यावर पातं जागच्या जागी अडकतं आणि मिटायचं तर एक पट्टी किंवा कळ दाबावी लागते. बोटं कापू नयेत म्हणून केलेली ही सोय.

इंग्लंडच्या १९८८च्या कायद्याने सार्वजनिक जागी पातं असलेली किंवा टोकदार वस्तू जवळ ठेवायला बंदी केली, सूट फक्त ३ इंचांपर्यंत धार असलेल्या, मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला. तिथल्या न्यायालयाने पुढे ठरवलं की पातं अडकत असेल तर तो ‘मिटणारा’ धरायचा नाही. त्यामुळे आतलं पातं अडकत असेल तर दोन इंची मल्टीटूलही या सवलतीत बसत नाही. आजोबांनी आणलेला लाल स्विस चाकू, पातं ३ इंचांच्या आत आणि बोटाच्या जोराने सरळ मिटणारं असेल, तर बसतो. कामगाराच्या दृष्टीने हे उलटंच आहे, पण कायदा असा आहे. म्हणून पत्रकात नाव देण्यापेक्षा खूण द्या: ‘उघडल्यावर पातं अडकून बसतं असा चाकू’. लांबडं झालं तरी चालेल. ज्याच्या खिशात तो आहे त्याला तो काढून, उघडून, दाबून बघता आला पाहिजे.

आमच्याकडची रीत अशी: बोटीवर असेतो कमरेला, बंदरात उतरताना केबिनमध्ये. जपानमध्ये ६ सेंटिमीटरहून लांब पातं योग्य कारणाशिवाय बरोबर नेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. त्याहून लहान असेल तर सुटलो असं समजू नये. किरकोळ गुन्ह्यांचा वेगळा कायदा आहे, लहान पातं लपवून बाळगलं तरी त्यात धरतात. ‘कधीतरी लागतो म्हणून असतो’ हे तिथे कारण होत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि पातं अडकणारा चाकू रस्त्यावर नेता येत नाही, लांबी कितीही असो. पोर्तुगालमध्ये सरसकट मर्यादा १० सेंटिमीटरची, पण बटणाचा किंवा फुलपाखरासारखा उघडणारा असेल तर माप बघत नाहीत.

डिचोलीहून

पोर्तुगीज कायद्यात अशा पात्याच्या हत्याराला ‘आर्मा ब्रांका’ म्हणतात, शब्दशः ‘पांढरं हत्यार’. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आपल्या जुन्या माणसांना शब्द ठाऊक असेल. पत्रक पोर्तुगालला जाणाऱ्यांसाठीही असेल तर शब्द तसाच देवनागरीत द्या, पोलिसाच्या तोंडी ऐकला तर ओळखीचा वाटेल.

आता ‘गुड रीझन’. ‘चांगलं कारण’ बालिश वाटतं, ‘सबळ कारण’ बरं. ‘सबब’ मात्र कुठेही वापरू नका. मूळ अरबीत सबब म्हणजे कारणच, जुन्या दफ्तरी कागदांत ‘सबब हुकूम देण्यात येतो’ असं असायचं. आज बोलण्यात सबब म्हणजे टाळण्यासाठी पुढे केलेलं निमित्त.

फोंड्याहून (धागाकर्ता)

‘सबळ कारण’ ठरलं. त्याच्याखाली एक उलगडा देणार आहे, तो बघा.

इंग्लंडमध्ये कारण कामाचं हवं, ठरावीक वेळेचं हवं, आणि सिद्ध करायची जबाबदारी वस्तू जवळ असणाऱ्यावर. ‘पिशवीत होती, विसरलो’ एवढ्यावर सुटका होत नाही. धर्माचं कारण, म्हणजे शिखांचं कृपाण, आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून असलेलं पातं हे कायद्यातच मान्य केलंय. आपल्या मुलांना लागणारं कारण कामाचं. शेफचं उदाहरण घ्या. हॉटेलात कामाला निघालेला मुलगा, सुऱ्या कापडी गुंडाळीत, म्यानं चढवलेली, बंद पिशवी, अंगावर किंवा पिशवीत कामाचे कपडे, वेळापत्रक फोनमध्ये. हे कारण सबळ आहे. कामाची पाळी संपल्यावर त्याच पिशवीसकट मित्रांबरोबर रात्री बारापर्यंत पबमध्ये बसला तर तेच कारण लुळं पडतं, कारण तो आता कामावरून घरी चाललेला नाही. सुऱ्या हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवता येत असतील तर ठेवाव्यात, असं सरळ लिहितोय. इंग्लंडच्या त्या १९८८च्या कायद्यात शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे.

आणखी एक शब्द खटकतोय, ‘बाळगणे’. मराठीत घरात ठेवलं तरी बाळगलं आणि खिशात घातलं तरी बाळगलं. इथे तर सगळा फरक तिथेच आहे. शेफची सुरी घरातल्या ओट्यावर असेल तर कोणाचा आक्षेप नाही, गुन्हा बाहेर नेल्यावर. मिरचीचा फवारा मात्र घरातही नको. म्हणून पहिल्यासाठी ‘बरोबर घेऊन फिरणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘जवळ ठेवणे’ असं वेगळं करतोय. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे रस्ता एवढंच समजू नये म्हणून बस, रेल्वे, पब आणि रस्त्यावर उभी असलेली स्वतःची गाडी हेही लिहिलंय.

मडगावहून

विमानाचा नियम वेगळा काढून लिहा, ही विनंती. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर चेक-इन सामानातून चाकू गेला की मुलांना वाटतं, परवानगी मिळाली. ती परवानगी विमानात ठेवण्यापुरती. उतरल्यावर बॅग उघडून तो खिशात घातला की त्या देशाचा कायदा सुरू. मिरचीच्या फवाऱ्याला तर खिशात घालेपर्यंतही थांबायला नको, बॅग हातात आली की सुरू.

पेडण्याहून

फवारा काढला. आता शेवटचं विचारते. लेकीला नारळ खवायला विळी हवी आहे, आमच्याकडे आदोळी म्हणतात ती, लाकडी पाटाची. ती नेता येईल का? का तीही हत्यार?

फोंड्याहून (धागाकर्ता)

ताई, ती स्वयंपाकाचीच वस्तू, आणि घरच्या ओट्याखाली तिला कोणी हत्यार म्हणणार नाही. केबिनमध्ये मात्र नेऊ देणार नाहीत. चेक-इनमध्ये द्या, पात्याला जाड पुठ्ठा आणि वर कापड गुंडाळून सुतळीने बांधा, खवणीचे दातेही झाका. विमान कंपनीला आधी विचारून घ्या. विमानतळावरून सरळ घरी जायला सांगा, वाटेत बॅग उघडायची गरज नाही. कोणी विचारलं तर नारळ खवायची आहे, घरी नेतेय, असं खरं तेच सांगावं. हे उदाहरण पत्रकात घालू का? तुमचं नाव घालणार नाही.