चार वॉकीटॉकी कपाटात ठेवले की सोसायटी पुराला तयार?

मुठाकाठचा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर असा: "पुन्हा २०२४ सारखा पूर आला तर मोबाइल बंद पडणार. वर्गणी काढून चार वॉकीटॉकी घ्या. रेंज दहा किलोमीटर, परवान्याची भानगड नाही. कपाटात ठेवा, वेळ आली की काढा." खाली अंगठ्यांची माळ. गप्प बसणार होतो, पण आता लोक खरंच ऑर्डर देतायत, म्हणून हे लांबण लावतो.

मेसेजसोबतच्या फोटोतला सेट बाओफेंग यूव्ही-५आर आहे. चार-पाच वॅटचा, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ उघडा. या पट्ट्यात सरकारी यंत्रणाही बोलतात. हॅम (हौशी रेडिओचा) परवाना नसताना त्याचं बटण दाबणं बेकायदा आहे. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट, आणि त्यांनाही ईटीए म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या त्या याच भानगडीवरून.

दहा किलोमीटर म्हणाल तर माळरानावर. एकतानगरीतून नदीपलीकडे कर्वेनगरला खिशातला सेटही लागेल. तिथूनच सहकारनगर गाठून दाखवा. मध्ये तळजाईची टेकडी आहे, तुमचे पाच वॅट तिच्या पोटात जिरतात.

आणि कपाट! वर्षभराने बॅटरी मेलेली असते. एकाने आर-सीटीसीएस (ठरलेला सूर आला तरच आवाज उघडणारं सेटिंग) लावलेला, दुसऱ्याने नाही, त्यामुळे सेट चालू असूनही आवाज येत नाही. मेनू ७ मधला टीडीआर (दोन चॅनेलवर लक्ष ठेवणं) चालू राहिला तर दुसऱ्या चॅनेलवर कुणी बोललं की सेट तिकडे उडी मारतो, तुम्ही बटण दाबता आणि उत्तर भलतीकडेच जातं. टीडीआर बंद, ११ आणि १३ नंबरचे (सुरांचे) मेनू बंद, सगळ्यांची एकच फ्रिक्वेन्सी. एवढंही कपाटातल्या सेटवर कुणी करून ठेवत नाही.

खरं काम हवं असेल तर सोसायटीतल्या एकाने तरी हॅमची रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षा द्यावी. मोर्स लागत नाही, बारा वर्षांपुढे कुणीही देऊ शकतं. मग गच्चीवर 'दोन मीटर' बँडचा (ही लहरीची लांबी, अँटेनाची नव्हे) ग्राउंड प्लेन अँटेना. एक एसओ-२३९ (अँटेनाच्या केबलचं) सॉकेट, लाइट फिटिंगची ४ स्क्वेअर एमएमची वायर सोलून मधोमध ४९ सेंमीची उभी तार, चार कोपऱ्यांना ५२ सेंमीच्या चार तारा ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. १४५ मेगाहर्ट्झला बसतो. खर्च किरकोळ, फरक मात्र सेटवरच्या रबरी दांडीच्या कितीतरी पट.

जाळीवाला

पूर जुलैत येतो. परीक्षा द्या, निकालाची वाट पाहा, परवान्याची वाट पाहा, तोवर दोन पावसाळे जातील. हॅम लोकांना दर चर्चेत परवान्याची मुंज लावायची फार हौस.

मेशटॅस्टिकचे लोरा बोर्ड घ्या, म्हणजे कमी ताकदीत लांबवर लेखी निरोप पाठवणारे छोटे रेडिओ; मेशटॅस्टिक हे त्यांचं सॉफ्टवेअर. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे, ॲपमध्ये रीजन 'आयएन' निवडायचा, संपलं. बोर्ड २२ डीबीएम म्हणजे दीडशे मिलिवॅटच्या आसपास टाकतो, पण गच्चीवरून गच्चीकडे मोकळी नजर असेल तर कित्येक किलोमीटर जातो. निरोप लेखी पोचतो, एका नोडवरून (म्हणजे बोर्डावरून) दुसऱ्यावर आपोआप उड्या मारत. "बी विंग, दुसरा मजला, ऑक्सिजनवरचा रुग्ण" हे रेडिओवर ओरडून सांगा, मग बघा पलीकडचा काय ऐकतो ते. शिवाय मेसेज कुलूपबंद जातो. हॅमला कूटलेखन चालत नाही, म्हणजे कोण आजारी, कुठलं घर रिकामं, सगळं जाहीर.

मुठाकाठचा

लेखी पोचतो, कबूल. किती पोचतो तेही सांगा ना. एका मेसेजला दोनशे बाइटच्या आसपास जागा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. "पाणी वाढतंय" एवढ्याला ३१ बाइट लागतात, तेच रोमनमध्ये १२. पूर्ण भरलेला मेसेज लाँगफास्टवर (मेशटॅस्टिकच्या नेहमीच्या सेटिंगवर) दीड-दोन सेकंद हवा अडवतो. पन्नास घरांनी एकदम "काय चाललंय?" विचारलं की तुमच्या जाळीचा लक्ष्मी रोड होतो.

आणि बोर्डाला जोडायला प्रत्येकाकडे चार्ज असलेला फोन हवाच. मोबाइल मेला म्हणून तर ही उठाठेव!

सेक्रेटरीबाई

तुम्ही दोघंही गच्चीवर काहीतरी लावताय. आमच्याकडे गच्चीला कुलूप, किल्ली चेअरमनसाहेबांकडे, साहेब मुलाकडे बंगळुरूला. २५ जुलै २०२४ ला पाणी शिरलं ते भल्या पहाटे. पहाटे किल्ली कोण देणार ते सांगा, मग ४९ सेंमीचं बोला.

ट्रेकर_भोर

एवढा काथ्याकूट कशाला, एक सॅटेलाइट मेसेंजर घ्या. परदेशात गिर्यारोहक सर्रास वापरतात.

मुठाकाठचा

@ट्रेकर_भोर, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया-इरिडियमची सॅटेलाइट यंत्रं बाळगलीत तर पुराआधी पोलीस येतील. विमानतळावर लोक अडकलेत यात. पुढे.

सात मेगा

वाचतोय. एकाला गल्ली दिसते, दुसऱ्याला पेठ. शहराबाहेर निरोप कसा नेणार? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी, २६ जानेवारी २००१ ला भूज, २००४ च्या त्सुनामीत अंदमान. तिन्ही वेळा हॅम मंडळींनी निरोप नेले ते एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ३ ते ३० मेगाहर्ट्झवर. रबरी दांडी नव्हती आणि लोराही नव्हता.

७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) म्हणजे १४३ भागिले ७.१, साधारण २० मीटर, एकेक बाजू दहा मीटर. आणि तो उंच बांधू नका! चार-पाच मीटरवरच ताणा. लहरी सरळ वर जातात आणि छत्रीसारख्या खाली उतरतात, त्यामुळे सातारा, कोल्हापूर, सोलापूर दिवसा छान लागतं, मध्ये डोंगर असो वा नसो. उंच बांधलात तर दिल्ली ऐकाल आणि सातारा गायब. रात्री सात मेगा जवळच्यासाठी बसतो, तेव्हा ३.५ वर उतरायचं, तार दुप्पट. बाई, याला गच्चीची किल्लीही लागत नाही. दोन झाडं पुरतात.

सेक्रेटरीबाई

वीस मीटर अंतरावर दोन झाडं! कुठल्या पुण्यात राहता हो तुम्ही?

सोल्डर

सगळे अँटेना मोजतायत, वीज कुठून येणार ते कुणी बोलत नाही. पुरात महावितरण आधी लाइट तोडतं आणि तोडायलाच हवं, मीटरचं पॅनेल तळमजल्यावर असतं. त्याच २५ जुलैला डेक्कनजवळ विजेच्या धक्क्याने माणसं गेलीत. जनरेटर बेसमेंटमध्ये, म्हणजे तोही पाण्यात. बेस सेटला कुणी म्हणेल ७ एएचची (अँपिअर-तासांची) लेड ॲसिड बॅटरी. ५० वॅटचा, गाडीत बसवतात तसा रेडिओ सेट बोलताना दहा अँपिअर ओढतो. ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे. दहा अँपिअरला ती निम्मंही देत नाही, व्होल्टेज धपकन पडतं आणि सेट बोलता बोलता बंद होतो. पॉवर लो करून दहा वॅटवर बोला. आणि ही बॅटरी दर तीन महिन्यांनी चार्ज केली नाही तर प्लेटांवर सल्फेट चढून ती फक्त वजनाला उरते.

मुठाकाठचा

घराघरात १५० एएचचा इन्व्हर्टर आहे की. वरच्या मजल्यावरच्या कुणाचाही चालेल.

सोल्डर

चालेल, पण इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून अडॅप्टर लावून नाही! तो अडॅप्टर गुंई करतो आणि अख्खा बँड खरखरतो. बॅटरीच्या खुंट्यांवरून थेट १२ व्होल्ट घ्या. चार्जिंग चालू असताना १४.४ दिसलं तर घाबरू नका, १३.८ चे बहुतेक सेट १५ टक्के वरखाली सोसतात. फ्यूज बॅटरीजवळ, सेटजवळ नाही. मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर दीडशे एएचची बॅटरी वेल्डिंग करते.

वायरही नीट घ्या. बॅटरी ते सेट पाच मीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा. १ स्क्वेअर एमएमची लावलीत तर दहा अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. ४ ची लावा, अर्ध्या व्होल्टात भागतं.

जाळीवाला

म्हणूनच म्हणतो, लोरा. एक १८६५० (लिथियम) सेल आणि काम फत्ते. दहा अँपिअर, वेल्डिंग, कशाला पाहिजे?

सोल्डर

कुठला बोर्ड? ईएसपी३२ चिपवाला असेल तर स्क्रीन-ब्लूटूथसकट शंभर मिलिअँपिअरच्या आसपास, ३००० एमएएचचा सेल जेमतेम दिवसभर. एनआरएफ५२ वाला असेल तर दहा-बारा मिलिअँपिअर, आठवडाभर सहज. पेटीत कुठला आलाय ते ९० टक्के लोकांना ठाऊक नसतं.

जाळीवाला

९० टक्के कुठून आणलेत? मनाला येईल ते आकडे फेकायचे! पॉवर बँक लावा, प्रश्न मिटला.

सोल्डर

बरं, नव्वद सोडा, "पुष्कळ" म्हणा. पण पॉवर बँकेचं बोललात ते बरं झालं. बऱ्याच पॉवर बँका पन्नास-शंभर मिलिअँपिअरच्या खाली करंट गेला की "फोन भरला" समजून बंद होतात. म्हणजे तुमचा काटकसरी एनआरएफ बोर्डच तिला बंद पाडतो! मध्यरात्री नोड झोपतो आणि सकाळी तुम्ही अँटेनाला शिव्या घालता. सेल थेट बोर्डाच्या जेएसटी (बॅटरीच्या) कनेक्टरला लावा, लाल-काळं मल्टिमीटरने तपासून. उलटी पोलॅरिटी असलेल्या वायरी बाजारात सर्रास मिळतात. ५ वॅटच्या सोलर पाटीवर जुलैत फार विसंबू नका, ढगात ती नावापुरतीच.

जाळीवाला

लो करंट मोडची पॉवर बँक मिळते, पण चला, तुमचं खरं. खूश?

सात मेगा

गच्चीवर नोड ठेवणाऱ्यांनो, 'राउटर' रोल (निरोप हमखास पुढे ढकलणारा) प्रत्येकाने लावू नका. जो तो राउटर झाला की मेसेजला मिळणाऱ्या तीन उड्या एकाच सोसायटीत संपतात आणि मेसेज बी विंगमधून सी विंगमध्ये जाऊन मरतो. हे आमच्यासारख्या म्हाताऱ्याने सांगावं लागतंय.

सेक्रेटरीबाई

बॅटरीचं महाभारत वाचलं. मला वार्षिक सभेत ठराव मांडायचाय. एका परिच्छेदात सांगा, नाहीतर मीच "चार वॉकीटॉकी" मंजूर करून मोकळी होते.

मुठाकाठचा

लिहून घ्या. ईटीएवाले ४४६ चे चार सेट, इमारतीतल्या इमारतीत बोलायला. गच्चीवर एनआरएफचे दोन लोरा नोड, एक तुमचा, एक नदीपलीकडच्या सोसायटीचा. (हो जाळीवाले, लिहिलं मी लोरा. स्क्रीनशॉट काढा.) बोलायची वेळ आधी ठरवा: दर तासाची पहिली पाच मिनिटं, एरवी सेट बंद. निरोपाचा क्रम ठरलेला: इमारत, मजला, माणसं किती, काय हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्जिंग आणि दहा मिनिटं सराव. आणि गच्चीच्या दोन किल्ल्या, एक वॉचमनकडे, एक सर्वांत वरच्या मजल्यावर. हॅम परवान्याला कुणी तयार असेल तर सरल संचार पोर्टलवर आजच अर्ज करायला लावा.

जाळीवाला

ग्राउंड प्लेनचं काय झालं? पहिल्या पोस्टमध्ये तर त्यावाचून पान हलत नव्हतं.

मुठाकाठचा

परवानेवाला मिळाला की लागेल. आणि लावाल तेव्हा आरजी-५८ केबल पंधरा मीटरपेक्षा लांब ओढू नका, निम्मी पॉवर केबलच पिते. एसओ-२३९ वॉटरप्रूफ नसतो, सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, खाली केबलला झोळ द्या. नाहीतर एका पावसाळ्यात केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी मुरतं आणि तुमच्यासारखे म्हणतात, हॅम काही चालत नाही.

सात मेगा

ठरावात डायपोल नाही याची नोंद घ्यावी.

सोल्डर

बाई, लोराची ऑर्डर टाकण्याआधी दोन गोष्टी. बोर्ड ८६८ चा घ्या (आपला ८६५ चा पट्टा त्यावरच चालतो), ४३३ चा स्वस्त दिसतो म्हणून नको. अँटेनाच्या कनेक्टरमध्ये मधली पिन आहे ना ते बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए ही दोन जातींची कनेक्टर एकमेकांवर गच्च बसतात, पण आत मधला जोड लागत नाही. आणि अँटेना लावल्याशिवाय बोर्ड चालू करायला कुणाला देऊ नका, विशेषतः चेअरमनसाहेबांना.