अण्णांना फोनशी मराठीत बोलायला शिकवावं का?

बावड्याची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांसाठी आहे. अण्णा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते, आता वय ७४. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलंय. फोनच्या काचेवर बोट नेमकं कुठं टेकवायचं ते त्यांना उमगत नाही. हिरवं बटण सापडेपर्यंत रिंग थांबते आणि मग "कुणाचा हुता गं?" म्हणून मला हाक मारतात. पुण्याच्या भावानं नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिलाय. त्याचं म्हणणं, आता टाइप करायची गरजच नाही, नुसतं बोलायचं. शिकवायचं काम माझ्याकडं आहे.

अण्णा बोलतात ते आमचं कसबा बावड्याचं मराठी. "पोराला फोन लाव की", "उद्या पाऊस हाय का". हे फोनला कळतं, की त्यांना पुस्तकी बोलायला लावायचं? तसं असेल तर मी शिकवणारच नाही, कारण आधीच त्यांना वाटतं की आपलं आता काही चालत नाही. शिवाय चार माणसांत फोनशी बोलायचा त्यांना संकोच आहे. आणि शेजारी सांगतात की तो फोन दिवसभर घरातलं ऐकत असतो. जे रोज वापरतात त्यांनीच सांगा. जाहिरातीत काय दाखवतात ते मला माहीत आहे. मला घरातलं पाहिजे, कशाला उपयोग होतो आणि कशाला अजिबात होत नाही.

शिरोली एमआयडीसी

ताई, मला तरी उपयोग दिसला नाही. गजर, टॉर्च, हवामान, संपलं. आमच्या शॉपवर मशीन चालू असताना शेजारच्या माणसाला खुणेनं सांगावं लागतं, तिथं फोन काय ऐकणार? घरी म्हणाल तर जे बोटानं दोन सेकंदात होतं त्यासाठी बोलायचं कशाला? ज्याला दिसतंय आणि ज्याचे हात मोकळे आहेत त्याला याची गरज नाही, असं माझं मत. अण्णांचं वेगळं असू शकतं.

मंगळवार पेठ चटणी-मसाले

शिरोलीचे दादा, हात मोकळे असतात कुणाचे? माझा चटणीचा धंदा आहे. मार्चपासून मे संपेपर्यंत घरात ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती असतात. देठं खुडून झाली, मिरची भाजून झाली, की हाताची जी आग होते ती साबणानं सुद्धा जात नाही. तो हात फोनला लावला की तोच फोन नंतर गालाला लागतो आणि लेकरू पण तोच उचलतं. म्हणून मी फोन डब्याला टेकवून उभा ठेवते आणि बोलते. "मुलाला फोन लाव." "पाच वाजता डंकावर जायची आठवण कर." डंक म्हणजे मिरची कुटायची गिरण. होतं सगळं.

ताई, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या वेगळ्या करा. कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून बोललं की आपलं बोलणं लिहून येतं. गूगलनं ते मराठीत ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं. दुसरा तो असिस्टंट, जो काम करतो आणि उत्तर देतो. तो मराठीत आला ऑगस्ट २०१८ मध्ये. माझं निम्म्याहून जास्त काम पहिल्यावरच चालतं. गिऱ्हाइकाची ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली की मी उत्तर बोलते, एकदा वाचते आणि पाठवते. वाचायचं मात्र चुकवायचं नाही. 'अडीच' कधी अक्षरात येतं, कधी आकड्यात, आणि 'पावणेदोन'ला तर मी नेहमी थांबून बघते. चटणीत पाव किलोचा फरक म्हणजे पैशाचा फरक.

बोलीचं म्हणाल तर मी घरात बोलते तशीच बोलते. 'हाय' आणि 'न्हाई'ला ते कधी अडखळतं, पण कामाचे शब्द दोनच असतात, कुणाला आणि काय करायचं. ते दोन स्वच्छ आले की बाकीचं चालून जातं. फक्त सुरुवातीला "अरे ऐक की, मी काय म्हणते" असं लावू नका, ते सगळं प्रश्नातच धरलं जातं.

डंकावर गेल्यावर मात्र शिरोलीच्या दादांचं खरं. तिथं फोन खिशातच ठेवायचा. आणि भाजण्याचा टायमर मी कधी लावत नाही. खोबरं, तीळ, खसखस कधी उतरायची ते नाकाला कळतं.

टेलिफोन ऑपरेटर, कोल्हापूर

ताई, मला पूर्ण दिसत नाही. शाळेत असल्यापासून नजर कमी होत गेली आणि आता उजेड-अंधार एवढंच कळतं. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे, त्यामुळं दिवसभर फोनशीच संबंध. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण कमी दिसणाऱ्या माणसाला नुसता असिस्टंट देऊन सोडलं की तो आठवड्यात फोन कपाटात ठेवतो, हे मी आमच्या ओळखीतल्या घरांत बघितलंय.

असिस्टंट तुमचं ऐकतो, पण पडद्यावर काय आलंय ते तो सांगत बसत नाही. ते काम टॉकबॅकचं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात हे आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. ते चालू केलं की बोट जिथं टेकेल तिथलं फोन वाचून दाखवतो आणि मग कुठंही दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. म्हणजे नेमक्या जागी बोट मारायची कटकटच उरत नाही. अण्णांची रिंग थांबते म्हणालात ना, त्याला उपाय असा की टॉकबॅक चालू असताना दोन बोटांनी पडद्यावर कुठंही दोनदा टिचकी मारली की फोन उचलला जातो. तशीच परत मारली की बंद. हिरवं बटण शोधायचंच नाही. गूगलच्या वाचून दाखवणाऱ्या आवाजांत मराठी आहे, तो निवडा आणि वेग कमी ठेवा. वेग पुढं त्यांचा तेच वाढवतील.

पहिले काही दिवस टॉकबॅकचा राग येतो, कारण सगळं उलटं वाटतं. तेवढ्यात बंद करू नका. अण्णांना समोरचं दिसतंय म्हणून कदाचित मोठी अक्षरं पुरतील, तेही करून बघा. पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थोडं दिसतंय तोवर बोटांना सवय लागली तर पुढं अंधारात शिकायची वेळ येत नाही. मी तसंच शिकलो.

आता असिस्टंट. काचबिंदूवाल्या माणसाला याचा सगळ्यात मोठा उपयोग थेंबांसाठी आहे. थेंब चुकले की डोळ्यातला दाब वाढतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस चुकवत राहतो. "रोज रात्री नऊ वाजता डोळ्यात थेंब घालायची आठवण कर" एवढं एकदा अण्णांच्याच तोंडून बोलवून घ्या. दोन वेगळी औषधं असतील तर दोन्हींच्या मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. पहिला थेंब घातला, डोळे मिटले आणि म्हणायचं, "पाच मिनिटांचा टायमर लाव." डोळे मिटून घड्याळ बघता येत नाही, टायमर मात्र ऐकू येतो. औषध कुठलं आणि किती, हे मात्र फोनला विचारायचं नाही, डॉक्टरांनाच.

फोन लावण्यासाठी आधी नावं नीट करा. बहुतेक फोनमध्ये नावं इंग्रजीत आणि लांबलचक असतात, आडनाव, गाव, ऑफिस सगळं जोडून. अण्णा ज्याला जे म्हणतात तेच देवनागरीत लिहा. 'थोरला', 'दूधवाला', 'रिक्षा'. सारख्या आवाजाची दोन नावं ठेवू नका. आमच्या घरी एक संध्याकाळ यातच गेली, पण त्यानंतर माझ्या आईला सुद्धा फोन लावता यायला लागला.

ऐकण्याचं शेजारी सांगतात त्यात थोडं तथ्य आहे. "हे गूगल" म्हटल्यावर जागं व्हायचं तर फोनला तेवढे शब्द ओळखण्यापुरता कान उघडा ठेवावाच लागतो. ती ओळख फोनच्या आतच होते, आणि जागा झाला की पुढचं बोलणं सहसा इंटरनेटवरून कंपनीकडं जातं. २०१९ साली बातम्या आल्या होत्या की गूगल, ॲपल, ॲमेझॉन या कंपन्यांसाठी काम करणारी माणसं काही रेकॉर्डिंग ऐकत होती. तुम्ही एक करा, हाकेनं जागं होणं बंदच ठेवा. बऱ्याच फोनमध्ये कडेचं पॉवरचं बटण दाबून धरलं की असिस्टंट येतो, सेटिंगमध्ये तसं लावून घ्या. ते बटण हाताला लागतं, दिसायची गरज नाही. दाबलं की ऐकणार, एवढा साधा हिशेब अण्णांना पटेल. आणि फोन कानाला लावून हळू बोललं तर कट्ट्यावरच्या माणसांना वाटेल कुणाशी तरी बोलतायत.

नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचं ॲप काढलंय. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. बाजारात अण्णांना याचा आधार होईल. मला होतो.

निवृत्त, बँक

ऑपरेटर साहेबांनी फार मोलाचं लिहिलंय. मी फक्त पैशाचं सांगतो, कारण काउंटरवर बसून मी रडणारी म्हातारी माणसं बघितली आहेत. "अमुक बँकेचा कस्टमर केअर नंबर सांग" असं फोनला कधीही विचारायचं नाही. तो इंटरनेटवर सापडेल ते देतो आणि तिथं भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेला नंबर आत्ताच 'बँक' नावानं साठवून ठेवा, म्हणजे विचारायची वेळच येणार नाही. बोलून पैसे पाठवायची सोय यूपीआयमध्ये २०२३ साली जाहीर झाली, सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत. पण ज्याला पडद्यावरची रक्कम वाचता येत नाही त्यानं घरचं माणूस शेजारी असल्याशिवाय ती वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. फसवणूक झालीच तर १९३० ला ताबडतोब फोन, जितका लवकर तितका पैसा अडकवता येतो.

बावड्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नावं बदलली आणि पॉवरचं बटण लावून दिलं. अण्णांनी बटण धरून "थोरल्याला फोन लाव की" म्हटलं आणि पुण्याला रिंग गेली. 'की' लावूनसुद्धा! थेंबांची आठवण त्यांच्याच आवाजात लावलीय. टॉकबॅक या रविवारी, भाऊ आल्यावर.

एक राहिलंच. पावसाळ्यात अण्णांचा दिवस पंचगंगेच्या पातळीनं सुरू होतो. राजाराम बंधारा आमच्या गावातच, आधी ते स्वतः जाऊन बघून यायचे. आता जाता येत नाही. हे फोनला विचारलं तर चालेल का?

शुक्रवार पेठ

ताई, याचं उत्तर 'नाही' असं धरून चाला. आमचं घर नदीकडच्या अंगाला, २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेत. मी विचारून पाहिलंय. कधी आजची पातळी सांगतो, कधी एखाद्या जुन्या पुराची बातमी वाचून दाखवतो, आणि आवाज दोन्ही वेळा तितक्याच खात्रीचा. डोळस माणूस बातमीची तारीख बघतो. अण्णा कशी बघणार? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे त्यांना पाठ असणार, पण आकडा कुठल्या वर्षाचा ते कळलं नाही तर पाठ असून उपयोग नाही. गूगलचं ते नवीन जेमिनी २०२४ पासून मराठीत बोलतं, गप्पा छान मारतं, पण या बाबतीत माझा त्याच्यावरही भरवसा नाही.

शिवाय पूर आला की वीज जाते, मग टॉवर जातात, आणि इंटरनेट गेलं की असिस्टंट जवळपास मुका होतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. तो फोनमध्ये 'नदी' म्हणून साठवा. रोजच्या पातळीसाठी तुमच्या भागातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की सकाळी बंधाऱ्यावरून अण्णांना व्हॉट्सॲपवर बोलून पाठव, लिहून नको. ते ऐकायला अण्णांना टॉकबॅक लागेल, म्हणून रविवारी भावाकडून तेवढं आधी शिकवून घ्या. आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पॉवर बँक भरून ठेवा.