सत्ता कोणाची : सभेत जिंकणाऱ्याची की विषयच निघू न देणाऱ्याची?

विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा
राज्यशास्त्राच्या अभ्यासात रॉबर्ट डाल यांची 1957 ची व्याख्या वाचली : ‘ब’ने एरवी जे केले नसते ते ‘अ’ त्याच्याकडून करून घेऊ शकतो, तितकी ‘अ’ची ‘ब’वर सत्ता. आमच्या गावात ही फूटपट्टी लागत नाही. धुरे (शेतांचे बांध) सरकवून शेताकडे जाणारा पांदण रस्ता गिळला गेला आहे, पावसाळ्यात शेतात बैलबंडी जात नाही; तरीही ग्रामसभेत हा विषय कधी निघालाच नाही, त्यामुळे कोणी कोणाला नमवल्याचेही दिसत नाही. मग येथे सत्ता नाही, असे लिहायचे का?

निवृत्त प्राध्यापक, यवतमाळ
मुळीच नाही. बॅक्रॅक आणि बॅरॅट्झ यांनी 1962 मध्ये याच उणिवेवर बोट ठेवले : झालेल्या निर्णयांबरोबर, चर्चेपर्यंत पोहोचूच न दिलेले प्रश्नही तपासले पाहिजेत. तुमच्या गावची विषयपत्रिका कोण ठरवते, ते पाहा. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ती अटही उरत नाही, आणि मोजक्या मंडळींत कामकाज उरकता येते. सरपंचाकडे अधिकार असतो. सत्ता मात्र एखाद्याच्या ओसरीवर बसलेली असू शकते. परीक्षेत या दोन शब्दांची गल्लत करू नका.

वाचक, धानोरा तालुका (जि. गडचिरोली)
आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची उकल होते. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मिळालेल्या सामूहिक हक्कामागे अशीच वर्षानुवर्षांची चर्चा आहे. विषय रोखणाऱ्याची सत्ता अशा ठिकाणी बरीच पातळ होते, असे मला वाटते.

विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा
पण सहमती म्हणजे मौनही असू शकते ना? स्टीव्हन ल्यूक्स यांनी 1974 मध्ये सांगितलेला सत्तेचा तिसरा पैलू, म्हणजे लोकांची इच्छा आणि समजच घडवणारी सत्ता, तोच नव्हे का? शेजारच्या काकू म्हणतात, “रस्ता पाहिजे, पण बोलून वैर कोण घेईल?”

निवृत्त प्राध्यापक, यवतमाळ
काकूंना आपली अडचण पुरती ठाऊक आहे, त्या केवळ बोलत नाहीत. म्हणून हा बॅक्रॅक-बॅरॅट्झ यांचा, विषय रोखण्याचा, दुसरा पैलू. “पांदण अशीच असते” असे त्यांना मनापासून वाटू लागले असते, तर ल्यूक्स यांच्याकडे जावे लागले असते.