दुसऱ्यांदा वापरलेले पाणी, परसबाग आणि ऋतूचे ताट : मराठवाड्यातील अनुभव

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे आणि येत्या पंधरवड्यात आपल्यापैकी अनेकजण कुंड्यांत, ड्रमांत किंवा घरामागच्या वाफ्यांत बी टोचतील. त्याआधी एकमेकांच्या चुका वाचलेल्या बऱ्या, म्हणून हे आवाहन करीत आहे. बागेविषयीचे बहुतेक सल्ले भरपूर पाऊस आणि भुसभुशीत माती गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे मात्र माती काळी, मे महिन्यात पारा ४२ अंशांवर आणि नळाला पाणी कधी चार, तर कधी दहा दिवसांनी. तेव्हा आपण काय लावले यापेक्षा ते कोणत्या पाण्यावर जगवले, काय जळाले आणि घरच्या ताटात त्यामुळे खरोखर काही बदलले का, हे लिहावे, अशी विनंती आहे.

लातूर (आवाहन करणारी)

सुरुवात माझ्यापासून करते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते आणि आम्ही मात्र घरात तांब्याने मोजून पाणी वापरत होतो. त्या उन्हाळ्यात माझी गुलाबाची आणि टोमॅटोची सर्व झाडे गेली. शेवगा आणि कढीपत्ता तेवढे तगले. तेव्हापासून घरातील एकही झाड मी ताज्या पाण्यावर वाढवलेले नाही. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी पालेभाज्यांना जाते. भांडी घासल्याचे साबणाचे पाणी वाळू आणि खडी भरलेल्या खड्ड्यातून केळीला आणि अळूला जाते, कारण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीवर किंवा मुळ्यावर ते घालणे मला पटत नाही. दुधी आणि दोडक्याच्या आळ्यात साध्या भाजलेल्या, रंग न दिलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरते. तोंडावर झाकण ठेवले की पाणी आतून हळूहळू झिरपत राहते आणि दोन-तीन दिवस पुन्हा घालावे लागत नाही.

एक चूकही सांगते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मी वर्षभर कुंड्यांना घातले. त्यात क्षार अधिक असतात, हे मला मातीवर पांढरा थर चढून मिरचीच्या पानांच्या कडा करपल्यावर समजले. आता ते पाणी फरशी पुसण्यासाठी वापरते.

छत्रपती संभाजीनगर

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी त्यांच्याकडे कचरा टाकण्यास विरोध केला आणि शहरभर ढीग साचले, तेव्हा नाइलाजाने आम्ही घरीच ओला कचरा जिरवू लागलो. पहिले दोन महिने दुर्गंधी आणि अळ्या यांनी घर हैराण झाले, कारण आम्ही ड्रममध्ये केवळ ओला कचराच टाकत होतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा त्याहून अधिक कोरडा पालापाचोळा पसरायचा, ही एकच गोष्ट कोणी आधी सांगितली असती, तर सासूबाईंचे बोलणे वाचले असते.

दुसरी चूक मातीची. गावाकडून मोठ्या अभिमानाने काळी माती आणून कुंड्या नुसत्या तिने भरल्या. शेतात ही माती ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते, हे खरे. पण कुंडीत ती ओली असताना चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही आणि वाळली की तिला भेगा पडून घातलेले सर्व पाणी भेगेतून थेट खाली निघून जाते. शिवाय तिचे ओझे छताला पडते ते निराळेच. आता एक भाग माती, दोन भाग घरचे खत आणि वाळलेल्या पानांचा चुरा असे मिश्रण वापरतो. वरून उसाच्या पाचटाचा चार बोटे थर असतो. मार्च ते जून हिरवी जाळी बांधतो, तरीही मे महिन्यात वांग्याची फुले गळतातच. तो महिना बागेला सुट्टी असे आता ठरवूनच टाकले आहे.

परभणी

बियाण्याबद्दल लिहितो. आमच्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण हळद्या रोगाला (यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात) बऱ्यापैकी तोंड देते. ते संकरित नसल्यामुळे घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. मी दोन निरोगी झाडांवरील शेंगा खाण्यासाठी न तोडता झाडावरच वाळू देतो. हळद्या पसरवते ती पांढरी माशी. तिच्यासाठी जून-जुलैत निंबोळ्या वेचून सावलीत वाळवतो. निंबोळीची पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून फवारतो. फवारणी संध्याकाळीच करावी, कारण उन्हात त्यातील घटक लवकर निकामी होतो. पूर्ण रोगट झालेले झाड मात्र उपटावेच; मी मोहाने ठेवले आणि शेजारची चार गमावली.

नांदेड

मी काहीही लावत नाही, उगवते ते खाते. पहिल्या पावसानंतर कुंड्यांत घोळ आणि तांदुळजा आपोआप येतो, माळावर तरोटा आणि पाथरी मिळते. आषाढी द्वादशीला वाघाट्याची भाजी आईच्या वेळेपासून होते. दोन सूचना अवश्य पाळाव्यात. ओळख पटलेलीच भाजी तोडावी, आणि कापूस-सोयाबीनच्या बांधावरची तोडू नये, कारण तिथे तणनाशक मारलेले असू शकते. घोळीत ऑक्झलेट बरेच असते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेताने खावी.

बीड

माझा अनुभव जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचा, आहे आणि तो फारसा गौरवास्पद नाही. शेतासाठीचे प्रमाण दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असे आहे. मी हिशेब करून दहा लिटरला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ आणि शंभर ग्रॅम बेसन घेतले. इथवर सर्व बरोबर होते. मग वास येऊ नये म्हणून कॅनचे झाकण घट्ट लावून लग्नाला गावी गेलो. पाचव्या दिवशी झाकण उडाले आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. तोंडाला कापड बांधावे, सकाळ-संध्याकाळ ढवळावे, दोन-तीन दिवसांनी वापरण्यास घेऊन आठवड्यात संपवावे. कॅन आता मेव्हण्याच्या शेतावर राहते.

धाराशिव जिल्हा

ताटाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. ऋतूप्रमाणे खाणे आमच्याकडे नव्याने शिकण्याची गोष्ट नव्हती. मध्ये वीस वर्षे आम्ही ते विसरलो एवढेच. येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून जी भज्जी शिजते, तिच्यात त्या आठवड्यात शिवारात जे असेल ते सर्व असते: तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा. सोबत ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी आणि मडक्यातील आंबील. त्यानंतर हुरडा, भोगीची भाजी, उन्हाळ्यात कैरी आणि सांडगे, पावसाळ्यात ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी. मी गेली तीन वर्षे उन्हाळ्यात फ्लॉवर आणि पावसाळ्यात टोमॅटो विकत घेणे थांबवले आहे. त्यामुळे यजमानांची साखर उतरली, असा दावा मी करणार नाही, कारण गोळी त्यांनी सोडलेली नाही आणि सोडूही नये. भाजीचा खर्च कमी झाला आणि मुलाला करडईची भाजी आवडू लागली, एवढे मात्र खात्रीने सांगते.

जालना

वरील सर्वांचे वाचून आनंद झाला, तरी हिशेब मांडतो. भाड्याच्या घरात, बारा बादल्यांत, पहिल्या वर्षी माझे सुमारे तीन हजार रुपये गेले आणि भाजी निघाली फार तर नऊशेची. दुसऱ्या वर्षी रंगाचे रिकामे डबे, घरचे खत आणि ओळखीच्यांकडे मागून आणलेले बी यांमुळे खर्च दीडशेवर आला. फळभाज्या सोडून दिल्या. मेथी, शेपू, चुका आणि पालक ऑक्टोबर ते फेब्रुवारी पुरतात. कोथिंबीर माझ्याकडे उन्हाळ्यात उगवलीच नाही, मी धने तीनदा रगडून पेरले.

लातूरच्या ताईंना एक विचारायचे आहे. पुरलेल्या मडक्याची छिद्रे आमच्या बोअरच्या जड पाण्याने एका हंगामात बुजली आणि पाणी झिरपेनासे झाले. ते घासून पुन्हा वापरता येते का, की दरवर्षी नवे घ्यावे लागते?

लातूर

नारळाच्या शेंडीने बाहेरून घासून एक रात्र पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. माझी दोन मडकी त्याने मोकळी झाली. तिसऱ्याला तडा गेला, त्यात आता पुदिना लावला आहे.