पैलवानानं तोंड उघडावं का?

लालमाती: आपल्या जिल्ह्यातले कितीतरी खेळाडू रेल्वे, पोलीस खात्याच्या नोकरीवर खेळतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा स्वप्निल कुसाळेही रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पगार चांगला, पण सेवानियमांनुसार सरकारवर जाहीर टीका करता येत नाही आणि निवड संघटनेच्या हातात. २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप झाले, तेव्हा साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया हे मल्ल रेल्वेची नोकरी पणाला लावून दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसले. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. ऑलिंपिक पदकवाल्यांची ही गत, मग आपल्या पोरांनी बोलायचं कुणाच्या जोरावर? खेळाडूंची स्वतःची युनियन हवी.

पेठकरी: त्या आंदोलनात वर्ष वाया गेलं ते ज्युनियर पोरांचं. राष्ट्रीय स्पर्धा रखडल्या, बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याविना उतरले. जानेवारी २०२४ मध्ये ज्युनियर मल्लांनीच या तिघांविरुद्ध जंतरमंतर गाठलं. वयोगट एकदा निघून गेला की गेला. युनियन त्यांना ते वर्ष परत देणार का?

लालमाती: तिरंगा गेला तो जागतिक कुस्ती संघटनेनं महासंघाला निलंबित केलं म्हणून, आणि ते निलंबन वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून. त्याचं खापर तक्रार करणाऱ्या पोरींवर का फोडता?

पंचगंगा_काठ: दिल्लीचं सोडा, गावच्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाचं बघा. जोड कुणाशी, म्हणजे कुस्ती कुणाबरोबर लावायची, इनाम किती, सगळं कमिटी ठरवते. ‘गुडघा सुजलाय, एवढी भारी जोड नको’ म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या यात्रेच्या पोस्टरवर दिसत नाही. आमच्या भावकीतल्या पोरानं म्हणूनच दुखरा गुडघा बांधून कुस्ती धरली. लिगामेंट तुटलं, ऑपरेशनला दारातली म्हैस विकली. कमिटीनं हातावर फक्त नारळ ठेवला, बस्स. इनाम आणि उपचाराचा खर्च आधी कागदावर हवा.

पेठकरी: उपचाराचं शंभर टक्के मान्य. पण सरकारी नोकराला बोलायची खास मोकळीक कशाला? तलाठ्यालाही तेच नियम आहेत.

लालमाती: तलाठ्याची संघटना आहे, अन् त्याची बदली-बढती त्याच्याच खात्यात ठरते. खेळाडूचा पगार रेल्वेचा आणि निवड बाहेरच्या महासंघाची. रेल्वेची युनियन निवड समितीपुढं काय करणार? म्हणून तर वेगळी पाहिजे.

पेठकरी: आणि तिचा अध्यक्ष कोण? उद्या एखादा आमदारच तिथं बसला तर? आधी युनियनच्या घटनेत लिहा, फक्त खेळणारा किंवा खेळलेलाच पदावर. मग मी सही करतो.